चिकटवायची नखं: लावण्याआधी काढायचं ठरवा, आणि या चुका टाळा

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, चालल्या होत्या. पाऱ्या लाटायला जाऊबाई, सारण भरायला मी, कढईपाशी सासूबाई. घाणा निम्म्यावर आला आणि माझ्या उजव्या करंगळीचं नख दिसेना. खरं नव्हे, आदल्या रात्री हौसेनं चिकटवलेलं गुलाबी प्लास्टिकचं. झालेल्या सगळ्या नेवऱ्या फोडून पाहिल्या, सारणाचं पातेलं ताटात उपडं केलं, नख काही मिळालं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “हा घाणा देवापुढे नको गं, आणि पाहुण्यांपुढेही नको.”

पण खरं नुकसान झालं ते रात्री. वैतागून मी उरलेली नऊ नखं एकेक करून उपटली. काही निघताना खऱ्या नखाचा वरचा पापुद्रा घेऊनच आली. नखं कागदासारखी पातळ झाली, गरम पाण्यात हात घातला की झोंबायचं, साडीचा पदर अडकायचा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने लागतात. माझी नखं पुरती भरून यायला फाल्गुनातला शिगमो उजाडला.

तेव्हापासून माझा नियम एकच: नखं कधी आणि कशी काढायची, हे ठरल्याशिवाय गोंदाची नळी उघडायची नाही. एका संध्याकाळच्या लग्नासाठी हवी असतील तर गोंद लागतच नाही, सेटबरोबर येणाऱ्या चिकट जेलीच्या पट्ट्या पुरतात आणि त्या कोमट पाण्यात सुटतात. चार-सहा दिवस टिकवायची असतील तरच गोंद.

लावताना काय चुकतं

सगळ्यात जास्त चुकतं ते गोंद हातात घेण्यापूर्वी. आपल्याकडे सकाळी डोक्याला खोबरेल, दुपारी नारळ खवणं, संध्याकाळी हाताला क्रीम. नखावर तेलाचा नुसता अंश असला तरी गोंद नखाला धरत नाही, तेलाला धरतो, आणि दुसऱ्या दिवशी नख सुटतं. हात साबणानं धुवा आणि कोरडे झाल्यावर निदान पंधरा मिनिटं थांबा, कारण नख पाणी शोषतं आणि वरून कोरडं दिसलं तरी आतून ओलसर असतं. नखं आखूड कापा. मुळाशी नखावर चढलेली कातडी लाकडी काडीनं हलकेच मागे सारा, कापू नका. मग बफरनं (नख घासायच्या मऊ ठोकळ्यानं) फक्त चकाकी जाईल इतकंच घासा आणि नेलपेंट रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. माझ्या एका मैत्रिणीनं ‘अल्कोहोल ते अल्कोहोल’ म्हणून काजूची फेणी वापरली होती. फेणीत अल्कोहोल चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पाणीच. नखं चिकटली नाहीत, पण दोन दिवस हाताला जत्रेचा वास येत होता.

मापाचंही तसंच. डब्यात बहुधा चोवीस नखं असतात आणि मागे बारीक आकडा असतो: शून्य सगळ्यात मोठं, पुढे लहान होत जातं. गोंद लावण्याआधी दहाही बोटांची नखं निवडून ओळीनं मांडून ठेवा. दोन मापांच्या मधलं बोट असेल तर मोठं घ्या आणि कडा फायलरनं घासून बसवा. लहान नख दाबून बसवलं की त्याच्या कडा वर उचलायला बघतात आणि ते तटकन सुटतं. मोठं तसंच लावलं तर ते कातडीवर चढतं आणि तिथूनच पाणी आत शिरतं. मुळाच्या कातडीपासून केसाएवढी फट हवीच.

गोंद जास्त, पकड कमी

नखाचा गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, तुटलेली कपबशी जोडायच्या झटपट गोंदाच्याच कुळातला. तो वाळत नाही, ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होतो. त्यामुळे पातळ थर काही सेकंदांत धरतो आणि जाड थर आत बराच वेळ ओलाच राहतो. वर बोट भाजल्यासारखं गरम होतं आणि कडेनं पांढरी धूळ धरते ती वेगळीच. खऱ्या नखावर मध्यभागी एक थेंब, प्लास्टिकच्या नखाच्या आत मुळाच्या बाजूला अर्धा, बस्स.

पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की गोंद आणखी लवकर धरतो. म्हणजे नख तिरकं बसलं तर सरळ करायला वेळ मिळत नाही. आधी मुळाच्या बाजूनं तिरकं टेकवा, मग टोकाकडे हळूहळू खाली आणत दाबा, म्हणजे आतली हवा पुढे निघून जाते. तीस सेकंद दाबून धरा. पारदर्शक नखाखाली फिकट डाग दिसला तर तिथे हवा अडकली आहे असं समजा. अंगठे शेवटी, कारण दाबायला तेच लागतात.

नळीही दमटपणानं आतल्या आत घट्ट होते. झाकण लगेच लावा आणि नळी घट्ट झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिकाच्या पुडीसोबत ठेवा. औषधांच्या कपाटात मात्र कधीही नाही. नखाच्या गोंदाची बाटली आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली अंधारात सारखीच लागते आणि लोकांनी खरोखर हा गोंद डोळ्यात घातला आहे. असं झालंच तर कोमट पाण्यानं डोळा धूत राहायचं, पापण्या ओढून उघडायच्या नाहीत, रिमूव्हर तर डोळ्याजवळही न्यायचा नाही, आणि थेट जवळचं इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, गाठायचं.

आणि घरातला वस्तू जोडायचा गोंद नखाला नको. कूळ एक असलं तरी तो कातडीला लावण्यासाठी बनवलेला नाही.

लावण्याची वेळ रात्रीची निवडा, भांडी घासून, ओटा पुसून झाल्यावर. गोंद सेकंदांत धरतो खरा, पण पूर्ण ताकद यायला चोवीस तासांपर्यंत लागतात. मी नेवऱ्यांच्या आदल्या रात्री अकराला नखं लावली, तीही गोंदाचे तीन-तीन थेंब घालून, आणि सकाळी सहाला कणीक मळायला बसले. करंगळीचा यात काय दोष?

कापूस जवळ ठेवू नका

ही चूक फार कमी जणींना ठाऊक असते, म्हणून जरा थांबून सांगते. ओला सायनोॲक्रिलेट कापसावर सांडला की झपाट्यानं घट्ट होतो आणि त्यात इतकी उष्णता निघते की कातडी भाजते. कधी धूरही दिसतो. ‘कापूस’ म्हणजे नुसता बोळा नव्हे. सुती मॅक्सी, सुती साडी, कानातली काडी, ओट्यावरचं फडकं, सगळं आलं. आपण नखं लावायला बसतो ते बहुधा मॅक्सी घालूनच, नळी मांडीवर ठेवून. सांडलेला गोंद पटकन कापसानं टिपायला जाणं हीच पहिली प्रतिक्रिया असते आणि तीच सगळ्यात वाईट.

टेबलाशी बसा, खाली प्लास्टिकचा कागद पसरा, खिडकी उघडी ठेवा. कपड्यावर सांडलाच तर कपडा लगेच अंगापासून दूर धरा आणि वरून भरपूर थंड पाणी ओता. भाजलं असेल तर वीस मिनिटं नळाखाली धरा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, डॉक्टरांकडे जा. लहान मुलं घरात असतील तर ती झोपल्यावरच हे काम काढा.

बोटाला बोट चिकटलं तर घाबरायचं कारण नाही. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पेन्सिल फिरवावी तशी बोटं एकमेकांवर फिरवत सोडवा. सरळ ओढली तर कातडी जाते.

सुटलेल्या नखात वरून थेंब

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखाद्या नखाची कड उचलते. मग आपण काय करतो? फटीत गोंदाचा एक थेंब सोडतो आणि दाबतो. नख बसतं, पण फटीत शिरलेलं पाणी आत कोंडलं जातं. मासळी साफ करणं, तिसऱ्या (शिंपल्या) फोडणं, भांडी, वर पाऊस. आपल्या हातांना कोरडेपणा माहीत आहे कुठे? त्या ओलाव्यात स्यूडोमोनास नावाचा जीवाणू वाढतो आणि नख हिरवट दिसू लागतं. बऱ्याच जणी याला बुरशी समजून बुरशीचं मलम चोपडत बसतात, काहीजणी त्यावर गडद नेलपेंट लावून नवं नख चिकटवतात. दोन्ही चूक. ते झाकायचं नाही, उघडं आणि कोरडं ठेवायचं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. हिरवा डाग बरा झाल्यावरही नखाबरोबर वाढून जाईपर्यंत दिसू शकतो.

कड उचलली की ते नख पूर्ण काढा, आतलं सगळं कोरडं करा, डाग नाही हे बघा, मगच नव्यानं लावा. डब्यावर दोन आठवडे लिहिलेलं असो, पावसाळ्यात मी आठवड्यापलीकडे जात नाही.

काढताना

टोक धरून वर उचलायचं नाही. दातांनी तर नाहीच (हसू नका, अर्ध्या जणी तेच करतात). आधी लांब टोक कापून टाका. मग वाटीभर कोमट पाण्यात साबण आणि थोडं खोबरेल घालून पंधरा-वीस मिनिटं बोटं बुडवा, पाणी गार झालं की बदला. लाकडी काडी, नाहीतर आइस्क्रीमची काडी पातळ करून, कडेनं हळूच सरकवा. पुढे जात नसेल तर पुन्हा बुडवा. जोर लावावासा वाटला की समजावं, अजून वेळ आहे. टीव्हीवरची एक मालिका जाहिरातींसकट संपते तेवढा वेळ लागतो.

इतकं करूनही हलत नसेल तर ॲसिटोन. इथे दोन-तीन घोटाळे होतात. ‘ॲसिटोन फ्री’ लिहिलेल्या रिमूव्हरनं हा गोंद सहसा सुटत नाही, लेबल वाचून घ्या. उलट खरं ॲसिटोन गोंदाबरोबर नखाचं प्लास्टिकही विरघळवतं, त्याचा चिकट लगदा होतो. म्हणजे ते नख गेलंच. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला बोळा नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी सोडवा. इथे कापूस चालतो, कारण गोंद केव्हाच घट्ट झालेला असतो. वाटी घेतलीत तर काचेची किंवा स्टीलची घ्या. अंगठीतले खोटे खडे आणि टेबलाचं पॉलिश सांभाळा.

ॲसिटोन चटकन पेट घेतं आणि त्याची वाफ दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. गॅसजवळ नको, गरम करायला मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. चवथीच्या दिवसांत गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली समई रात्रंदिवस तेवत असते, त्या खोलीत बसून तर नकोच नको.

नखावर उरलेले गोंदाचे पोपडे ब्लेडनं खरवडू नका. बफरचे दोन हलके हात फिरवा, उरलेले राहू द्या. रात्री खोबरेल चोळा आणि पुढचा सेट लावण्यापूर्वी एक-दोन आठवडे नखं मोकळी ठेवा. पांढरे, खरखरीत ठिपके दिसले तर ते बहुधा वरचा पापुद्रा निघाल्याचे असतात, वाढून जातात. नख खालून सुटू लागलं, ठणका लागला किंवा बाजूनं पू आला, म्हणजे नखुरडं झालं, तर घरगुती उपाय थांबवा.

आधीच नखुरडं किंवा नख दुखावलेलं असेल, मधुमेह असेल, तर ही हौस डॉक्टरांना विचारूनच. इस्पितळात रुग्णांना हात लावणाऱ्यांनी तर लावूच नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट म्हटलं आहे, कारण खोट्या नखांखाली जंतू जास्त राहतात आणि धुऊनही सहज जात नाहीत. शस्त्रक्रिया ठरली असेल तरी आधी काढून जा, बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याला अडचण होते.

साबणाच्या पाण्यात काढलेली नखं पुन्हा वापरता येतात. आतला गोंद फायलरनं घासून काढा, अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळवा आणि आकड्यांप्रमाणे डब्यात लावून ठेवा. मात्र दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका, बहीण असली तरी. मीही त्या गुलाबी सेटची उपटलेली नखं नंतर साफ करून ठेवली. डब्यात सध्या तेवीस आहेत.