सायक्लिक व्होल्टॅमेट्री करताना या चुका टाळा

सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत इलेक्ट्रोडचा विभव (व्होल्टेज) पुढे-मागे फिरवत वाहणारा प्रवाह मोजतात. आलेखात अनपेक्षित शिखर दिसलं की आधी सेल (द्रावण आणि इलेक्ट्रोड असलेलं पात्र) तपासा, तपासायच्या संयुगावर, म्हणजे इथे उत्प्रेरकावर, संशय नंतर. ॲसिटोनायट्राइल या द्रावकात फेरोसीनच्या (विभव मोजण्यासाठी संदर्भ म्हणून वापरतात ते लोहाचं संयुग) सापेक्ष −1.3 व्होल्टच्या आसपासचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेण्याचं) शिखर बरेचदा विरघळलेल्या ऑक्सिजनचंच असतं. 10 ते 15 मिनिटं आर्गॉनचे बुडबुडे सोडा, पण तो आधी त्याच द्रावकातून जाऊ द्या. कोरडा वायू सेलमधलं द्रावक उडवतो आणि संहती वाढते. स्कॅन चालू असताना सुई द्रवाच्या वर घ्या, नाहीतर द्रव ढवळला जाऊन वक्र बिघडतो.

कोरा स्कॅन टाळणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. 10 मिली द्रावकात 0.39 ग्रॅम टेट्राब्युटिलअमोनियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट हा वीज वाहून नेणारा क्षार घाला (0.1 मोलर) आणि संयुग न घालता विभवाचा पूर्ण पल्ला फिरवा. मग सेल तपासण्यासाठी 1.9 मिलिग्रॅम फेरोसीन. त्याच्या दोन शिखरांतलं अंतर 25 अंशांना तत्त्वतः 57 मिलिव्होल्ट. 60 ते 80 आलं तरी ठीक. 150 आलं तर इलेक्ट्रोड मळलेला आहे किंवा द्रावणाचा रोध जास्त आहे. ग्लासी कार्बनचा कार्यकारी इलेक्ट्रोड (जिथे अभिक्रिया मोजतात तो) 0.05 मायक्रॉन ॲल्युमिनाच्या ओल्या लगद्यावर इंग्रजी आठच्या आकारात मिनिटभर घासा, भरपूर धुवा, नीट वाळवा. तरीही फरक पडला नाही, तर यंत्रात रोधाची भरपाई (द्रावणाच्या रोधामुळे पडणारा विभवातला फरक वजा करणं) लावा. उत्प्रेरकी प्रवाह 1 मिलिअँपिअर आणि भरपाई न झालेला रोध 200 ओहम असेल, तर विभवात 200 मिलिव्होल्टची चूक होते, आणि तेवढ्यावर उत्प्रेरकाबद्दलचा निष्कर्ष उलटू शकतो.

संदर्भ इलेक्ट्रोड म्हणून वापरलेल्या चांदीच्या तारेचा विभव सरकतो. म्हणून शेवटी संयुगाच्या त्याच द्रावणात फेरोसीन घालून मोजा. शिखरं एकमेकांवर येत असतील तर डेकामिथाइलफेरोसीन वापरा.

उत्प्रेरक खरोखर द्रावणातच काम करतोय का? स्कॅननंतर इलेक्ट्रोड पॉलिश न करता फक्त द्रावकानं धुवा आणि उत्प्रेरक नसलेल्या, पण तेवढंच आम्ल असलेल्या ताज्या द्रावणात पुन्हा चालवा. नुकत्याच पॉलिश केलेल्या इलेक्ट्रोडपेक्षा प्रवाह स्पष्टपणे जास्त आला, तर काम पृष्ठभागावर बसलेला थर करतोय. प्रवाह गेला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, काही थर विभव काढताच विरघळतात. हायड्रोजन निर्मितीच्या दीर्घ प्रयोगात प्लॅटिनमचा काउंटर इलेक्ट्रोडही (प्रवाहाचं मंडल पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड) घात करतो: तो किंचित विरघळून कार्यकारी इलेक्ट्रोडवर बसतो, आणि प्लॅटिनमचं काम तुमच्या उत्प्रेरकाच्या नावावर जमा होतं. तिथे ग्राफाइटची कांडी लावा.