सोलापुरात दहावीचा क्लास काढणाऱ्या शिक्षकांसाठी: जागा, फी आणि पहिल्या वर्षाचा हिशोब

नोकरी सोडण्याआधी क्लासचा बोर्ड लावू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. बोर्डवर पत्नीचं किंवा भावाचं नाव घातलं तरी फळ्यासमोर उभे राहणार तुम्हीच. नोकरीतून मोकळं व्हायचं ते मार्चअखेर. नववीचा निकाल लागला की एप्रिल-मेमध्ये पालक चौकशीला बाहेर पडतात, तेव्हा जागा तयार हवी. बॅच जूनच्या मध्याला सुरू करा.

पहिल्या वर्षी एकच इयत्ता, दोनच विषय. दहावीचं गणित आणि विज्ञान पुरेसं आहे. पाचवी ते दहावी सगळे विषय शिकवण्याचा मोह आवरा, कारण त्यासाठी चार शिक्षक लागतात आणि त्यांचे पगार तुमच्या खिशातून जातात.

आता आकडे. समजा फी वर्षाला 14,000 रुपये आणि 20-20 मुलांच्या दोन बॅच. कागदावर 5,60,000 दिसतात. सवलती आणि बुडालेली फी वजा जाता 85 टक्के हाती येतील असं धरा, म्हणजे 4,76,000. खर्च असा: भाडं महिना 10,000 प्रमाणे 1,20,000, विज्ञानाच्या शिक्षकाला 15,000 प्रमाणे दहा महिन्यांचे 1,50,000, वीज-पाणी-इंटरनेट 36,000, चाचण्यांचं झेरॉक्स मुलामागे महिना 60 रुपयांनी नऊ महिन्यांचं 21,600, पत्रकं आणि छपाई 20,000. उरतात 1,28,400, म्हणजे महिन्याला जेमतेम 10,700. त्याच दोन बॅच 25-25 च्या केल्या तर महिन्याला सुमारे 20,000 सुटतात, कारण वाढतं ते फक्त झेरॉक्स. म्हणून आहे ती बॅच भरा, तिसरी काढू नका. आणि महिन्याला 20,000 वर घर चालणार नसेल, तर पहिल्या वर्षाची तजवीज नोकरीत असतानाच करून ठेवा.

50 च्या पुढे जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट बघा. केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या कोचिंग सेंटरला 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका असं म्हटलं आहे. त्या अमलात आणायचं काम राज्यांचं आहे. दहावीची बहुतेक मुलं 16 च्या आतलीच असतात, तेव्हा 50 ही मर्यादा पाळणं शहाणपणाचं.

जागा. याच सूचना मुलामागे किमान एक चौरस मीटर मागतात, म्हणजे 25 मुलांना 270 चौरस फूट. फळा आणि पहिला बाक यांत सहा-सात फूट मोकळे लागतात, म्हणून 15 बाय 22 ची खोली बघा. भाडं कमी आहे म्हणून तळघर किंवा गच्चीवरचं पत्र्याचं शेड घेऊ नका. 2019 साली सुरतच्या आगीत वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली 22 मुलं गेली, 2024 मध्ये दिल्लीत तळघरात पाणी शिरून तिघं. शिवाय सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी कुणी बसू शकत नाही. जिना रुंद हवा, बाहेर पडायचा दुसरा मार्ग हवा, आणि जिन्यात सायकली लावू द्यायच्या नाहीत. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी किती लिटरची आणि ती किती घरांत वाटलेली हे आधी विचारा. मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर ती जागा सोडा. भाडेकरार नोंदणीकृतच करा.

कागदपत्रं फार नाहीत. एवढ्या छोट्या क्लासला दुकाने अधिनियमाखाली (शॉप ॲक्ट) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. व्यवसाय कर वर्षाला 2,500. जीएसटी 18 टक्के आहे, पण वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तरच.

शिक्षकाचं खरं अडतं ते फी मागताना. पालक ‘सर, पुढच्या महिन्यात देतो’ म्हणतात आणि सर मान डोलावतात. तारखा आधीच ठरवा: प्रवेशाला 5,000, 10 ऑगस्टला 5,000, दिवाळीनंतर 30 नोव्हेंबरपर्यंत 4,000. जानेवारीत सराव परीक्षा सुरू झाल्या की राहिलेली फी येत नाही, कारण तेव्हा मुलाला घरी बसवणं तुमच्याच्याने होत नाही, आणि बसवूही नये. अशोक चौक, साखर पेठ या भागांत यंत्रमागावर किंवा विडीवर चालणारी घरं आहेत. ज्यांचा पगार आठवड्याला होतो त्यांच्यासाठी 400 रुपयांचे 35 हप्ते ठेवा, बेरीज 14,000 च होते आणि त्या घराला ते झेपतं. प्रत्येक रकमेला नंबर असलेली पावती द्या. क्लास मध्येच सोडला तर किती पैसे परत मिळतील ते पावतीच्या मागे छापा. फीचा फोन पालकालाच करा. वर्गात मुलाला उभं करून फी विचारणं कधीही नाही, ते मूल त्यानंतर प्रश्न विचारायचं बंद होतं.

शिकवण्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं? एकच. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’मध्ये ही मुलं समीकरण झटकन सोडवतात, पण शाब्दिक उदाहरणात अडतात. गणित सांगण्याआधी उदाहरण त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, दिलेल्या गोष्टींखाली एक रेघ, विचारलेल्याखाली दोन रेघा ओढायला लावा, x आणि y काय मानले ते वाक्यात लिहून घ्या. हे सगळं झाल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवायची नाही असा नियम करा. पंधरा मिनिटांत दोनच उदाहरणं होतील, चालेल.

अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत बहुतांश संपवा. दर रविवारी 20 गुणांची चाचणी, पेपर बुधवारपर्यंत तपासून हातात. संक्रांतीच्या आठवड्यात चाचणी ठेवू नका. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत निम्मी बॅच गैरहजर असते आणि राहिलेली चाचणी परत घेण्यात आठवडा जातो.

मार्च ते मे भाडं आणि वीज चालू राहते, जुन्या बॅचची फी मात्र संपलेली असते. वरच्या हिशोबाने हे तीन महिन्यांचे 39,000 रुपये होतात. ते नोव्हेंबरच्या हप्त्यातून वेगळ्या खात्यात काढून ठेवा. एप्रिलमध्ये नव्या बॅचची आगाऊ फी येते, ती भाड्याला वापरू नका. त्यातले काही पालक जूनपूर्वी विचार बदलतात आणि त्यांचे पैसे परत द्यावे लागतात.