रूट कॅनाल: ठणका थांबला म्हणजे काम झालं असं नाही

थंड पाण्यानं दाढेत कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर बहुधा सिमेंट भरून भागतं. कळ अर्धा मिनिट रेंगाळत असेल, गरम चहानं वाढत असेल, रात्री आडवं झालं की दाढ ठणकत असेल, तर कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली आहे असं धरा. मग बहुधा रूट कॅनाल करावं लागतं, म्हणजे ती नस काढून मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून भरतात. कधीकधी हा ठणका आपोआप थांबतो. तेव्हा दाढ बरी झालेली नसते, आतली नस मेलेली असते. पुढे मुळाच्या टोकाशी पू साठतो आणि हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते, पुन्हा भरते.

अँटिबायोटिकनं हे बरं होत नाही. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? सूज पसरत असेल किंवा ताप असेल तरच ते लागतं. दाढेत मिसरी, लवंगतेलाचा बोळा, अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका. हिरडी भाजते आणि दाढ तशीच राहते. गालावरच्या सुजेला शेकही नको.

रूट कॅनालला जायच्या दिवशी नाश्ता करून जा, नंतर काही तास ओठ बधिर असतो. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी चुकवू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदयविकारही आधीच सांगा: बधिर करण्याच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, त्यानं थोडा वेळ छातीत धडधडतं. खालची ठणकती दाढ एका इंजेक्शनात बधिर होईलच असं नाही. दुखलं तर सोसत बसू नका, हात वर करा.

मग दातावर रबराचा पातळ पडदा लावतात. तो लावत नसतील तर जरूर विचारा, कारण थुंकी दाढेत गेली की जंतूही आत जातात, आणि फाईल (नळ्या घासायचं सुईसारखं हत्यार) घशात जाण्याचा धोकाही पडद्यानं टळतो. दाढेला वरून छिद्र पाडून नस काढतात, केसासारख्या बारीक फाईलींनी नळ्या घासतात आणि सोडियम हायपोक्लोराइटनं पुन्हा पुन्हा धुतात. हे ब्लीचच्याच जातीचं रसायन, म्हणून वास ओळखीचा वाटतो. शेवटी गटापर्चाच्या (रबरासारख्या पदार्थाच्या) गुलाबी काड्या चिकटद्रव्यासह मुळाच्या टोकाच्या जेमतेम 0.5 ते 1 मिमी अलीकडपर्यंत भरतात. पुढच्या वरच्या दाताला बहुधा एकच नळी असते, वरच्या पहिल्या दाढेला मात्र बऱ्याचदा चार. चौथी इतकी बारीक असते की सुटून जाते, आणि वर्षभरानं दाढ पुन्हा दुखण्यामागे अनेकदा तीच असते. म्हणून ‘किती नळ्या सापडल्या?’ हे विचारा आणि शेवटचा एक्स-रे मागून घ्या.

काम एका बैठकीत होतं किंवा दोन-तीन. मधल्या बैठकांत तात्पुरतं सिमेंट असतं. पहिला तासभर त्या बाजूनं चावू नका. ते निघालं तर ‘पुढच्या भेटीत बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी फोन करा. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं आहे. आयबुप्रोफेन चालतं, पण अल्सर, किडनीचा विकार, दमा असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारूनच. जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड, यातलं काही झालं तर थेट रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

सगळ्यात जास्त घोटाळा कॅपवर, म्हणजे शेवटी दाढेवर बसवायच्या टोपणावर होतो. दुखणं थांबलेलं असतं, खर्च वेगळा असतो, माणूस पुढे ढकलतो. कीड आणि छिद्र यांनी दाढ पोखरलेली असते, भिंती पातळ झालेल्या असतात. भाजलेले चणे, सुपारी किंवा भाकरीतला एखादा खडा, आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते. केलेलं सगळं पाण्यात. दाढेला दोन-तीन आठवड्यांत कॅप बसवून घ्या. पुढचा दात फारसा किडलेला नसेल तर नुसतं पक्कं सिमेंटही पुरतं. दर सांगताना त्यात कॅप धरली आहे की नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.