वीस कोपरे, एक तार: हॅमिल्टनच्या चरित्राचा आकाशकंदील

डब्लिनजवळच्या कालव्यावरून चालताना विल्यम रोवन हॅमिल्टनला चतुर्दलांचं (क्वाटर्नियन, म्हणजे चार भागांच्या संख्यांचं) सूत्र सुचलं ती तारीख 16 ऑक्टोबर 1843. गोव्यात याच सुमाराला वाड्यावाड्यांवर नरकासुराचे सांगाडे उभे राहतात आणि आकाशकंदील स्पर्धांची तयारी चालू असते. शाळेसाठी किंवा स्पर्धेसाठी वेगळं काही करायचं असेल, तर या आयरिश गणितज्ञाचं चरित्र कंदिलावर मांडा. आकार त्यानेच तयार केलेल्या एका खेळातला घ्यायचा: बारा पंचकोनांचा द्वादशफलक. त्याला 20 कोपरे आणि 30 कडा. प्रत्येक कोपऱ्यावर एक दिवा आणि आयुष्यातली एक घटना. एकच तार सगळ्या कोपऱ्यांना एकदाच शिवून सुरुवातीला परत येते. अशा वाटेला गणितात आज हॅमिल्टनचंच नाव आहे.

कामट्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतील, नाहीतर नरकासुरासाठी आणलेल्या बांबूतल्या उरलेल्या घ्या. कडेसाठी 22 सेंटीमीटरच्या 30 कामट्या कापा. दोन्ही टोकांपासून 1 सेंटीमीटर सोडून पेन्सिलीने खूण करा, म्हणजे खुणेपासून खुणेपर्यंत बरोबर 20 भरतील. बांधताना खुणेवर खूण यायला हवी. इथे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की शेवटचा पंचकोन मिटत नाही, आणि तोवर चूक कुठे झाली ते सापडतही नाही. कर्णांसाठी 34.4 सेंटीमीटरच्या 24 कामट्या लागतील, त्याही तशाच खुणा करून, पण निम्म्या जाडीच्या. सगळी मिळून पंधरा मीटर कामटी होते, म्हणून सोळा आणा.

बांधायला सुती दोरा आणि वर फेविकॉलचा थेंब. लोखंडी तार वापरू नका. समुद्राकाठच्या हवेत ती आठवड्यात गंजते आणि कागदावर तांबडे डाग उतरतात. मैद्याची खळही नको, दमट दिवसांत तिला बुरशी धरते.

आधी जमिनीवर एक पंचकोन बांधा. त्याच्या पाचही कोपऱ्यांतून एकेक कामटी वर काढा. या पाच टोकांच्या मधल्या प्रत्येक जागेवर एकेक नवा कोपरा घ्या आणि दहा कामट्यांनी नागमोडी कडं पूर्ण करा. कड्यात दहा कोपरे झाले: पाच खालचे, पाच वरचे. वरच्या पाचांतून पुन्हा पाच कामट्या वर, आणि त्यांच्या टोकांना शेवटचा पंचकोन.

आता सांगाडा उचलला तर तो लोळागोळा होईल. गाठी ढिल्या म्हणून नव्हे. त्रिकोण मोडत नाही, पंचकोन कलतो, हे त्यामागचं कारण. वीस कोपऱ्यांचा सांगाडा ताठ राहायला 3 × 20 − 6 म्हणजे किमान 54 कामट्या लागतात. आपल्याकडे 30 आहेत, 24 कमी. प्रत्येक पंचकोनात एका कोपऱ्यातून दोन कर्ण टाकले की तीन त्रिकोण होतात, आणि बारा पंचकोनांचे कर्ण नेमके 24 भरतात. दोऱ्याचे कर्ण लावून भागत नाही. दोरा ओढ घेतो, दाब घेत नाही. कर्ण टाकताना एकाच कोपऱ्यावर गर्दी होऊ देऊ नका, तिथली गाठ जाड होऊन दिवा बसत नाही. शेवटी समोरासमोरच्या दोन पंचकोनांमधलं अंतर मोजा. सगळीकडे साडेचव्वेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास आलं की काम सरळ झालं.

तार, म्हणजे दिव्यांची माळ, कागदाआधी लावायची. दर 10 सेंटीमीटरला दिवा असलेली, ॲडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची पाच मीटरची एलईडी माळ घ्या. 230 व्होल्टची माळ कागदाच्या कंदिलात नकोच, ऑक्टोबरची सर सांगून येत नाही. कोपऱ्यावर येणारा दिवा उघडा ठेवा, कडेच्या मध्यावर येणारा काळ्या टेपने झाका. वाट चार मीटरची आहे. उरलेली माळ दिवे झाकून आत गुंडाळा, कापू नका.

वाट अशी. वरच्या पंचकोनाचे कोपरे 1 ते 5, एकाच दिशेने. 5 वरून खाली कड्यात उतरा, तो 6. इथे दिशा उलटवा आणि नागमोडी कड्यातले आठच कोपरे घ्या, 6 ते 13. तेरावा खालच्या पाचांपैकी असतो. तिथून तळाच्या पंचकोनात उतरा, तो 14. आता पुन्हा पहिल्या दिशेने 18 पर्यंत जा. अठराव्याच्या वर कड्यातला राहिलेला खालचा कोपरा 19, त्याच्या शेजारचा वरचा 20, आणि तो थेट 1 च्या खाली येतो. नेहमीची चूक म्हणजे कड्यातले दहाही कोपरे एका दमात घेणं. मग तळाला उतरलेल्या तारेला वर यायला वाट उरत नाही. तपासणी सोपी आहे: प्रत्येक कोपऱ्याला तीन कडा मिळतात, त्यांतल्या दोनांवर तार आणि एक मोकळी असायला हवी. मोकळ्या कडा मोजल्या तर दहाच भराव्यात.

कागद लावताना वरचा पंचकोन उघडा ठेवा, बाकी अकरा झाका. शेजारी-शेजारी एकच रंग नको असेल तर चार रंग आणा. तीन पुरत नाहीत, कारण तळाच्या पंचकोनाभोवतीचे पाच शेजारी दोन रंगांत बसत नाहीत, त्यांनाच तीन लागतात.

चिठ्ठ्या 6 × 4 सेंटीमीटरच्या, प्रत्येकीवर क्रमांक, वर्ष आणि पंधरा शब्दांच्या आतला मजकूर. जन्म 1805 च्या 3 आणि 4 ऑगस्टमधल्या मध्यरात्री, डब्लिनमध्ये, म्हणून एकच तारीख ठोकून देऊ नका. दुसरी चिठ्ठी: तिसऱ्या वर्षी ट्रिम गावी, शाळा चालवणाऱ्या जेम्स काकांकडे. तिसरी चिठ्ठी आपल्या माणसांना थांबवील. मुलाला येणाऱ्या भाषांची यादी वडिलांनी एका पत्रात लिहिली, तिच्यात संस्कृत, फारसी, अरबी यांच्याबरोबर मराठीचंही नाव आहे. पण ते कौतुकाने भारावलेल्या बापाचं पत्र. ‘त्याला मराठी येत होती’ असं लिहू नका, ‘वडिलांच्या पत्रात मराठीचा उल्लेख आहे’ असं लिहा. चौथी: झेरा कोलबर्न या अमेरिकन मुलाकडून तोंडी हिशेबात हार. पाचवी: 1822, सोळाव्या वर्षी फ्रेंच गणितज्ञ लाप्लासच्या ग्रंथातली चूक दाखवली. सहावी: 1823, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश. तारही तिथेच दिशा बदलते.

सातवीला जागा जास्त द्या. 1827 साली, पदवी हाती येण्याआधीच, त्याची ट्रिनिटीत खगोलशास्त्राचा प्राध्यापक आणि आयर्लंडचा राजज्योतिर्विद म्हणून नेमणूक झाली. आठवी डनसिंक वेधशाळा, जिथे तो मरेपर्यंत राहिला. 9 वर प्रकाशकिरणांचा सिद्धान्त. 10 वर 1832: काही स्फटिकांत प्रकाशाचा किरण शंकूसारखा पसरेल असं त्याने नुसत्या गणितावरून सांगितलं, आणि भौतिकशास्त्रज्ञ हम्फ्री लॉइडने ते प्रयोगाने दाखवलं. 11 वर 1833, हेलन बेलीशी लग्न. 12 वर 1834-35 चे गतिशास्त्रावरचे निबंध, 13 वर 1835 ची ‘सर’ पदवी, 14 वर 1837 पासून रॉयल आयरिश अकादमीचं अध्यक्षपद.

पंधरावी पुलाची. पत्नीबरोबर अकादमीच्या सभेला जाताना सूत्र सुचलं आणि ब्रूम पुलाच्या दगडावर त्याने ते कोरलं: i² = j² = k² = ijk = −1. मूळ कोरीवकाम आज दिसत नाही. तिथे आहे तो 1958 साली आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांनी अनावरण केलेला फलक. सूत्राचं मर्म असं की ij म्हणजे k, पण ji म्हणजे −k. कंदिलाखाली एक काड्यापेटी ठेवा. ती एकदा पुढे आणि मग उजवीकडे, दोन्ही वेळा काटकोनात कलंडवा. पुन्हा पहिल्या स्थितीतून आधी उजवीकडे, मग पुढे. दोन्ही वेळी पेटी वेगळ्या स्थितीत थांबते. तो क्रम सांभाळणारं गणित आज उपग्रह वळवायला आणि संगणकातली चित्रं फिरवायला वापरतात.

16 वर 1853 ची चतुर्दलांवरची व्याख्यानं, 17 वर 1857 साली डब्लिनच्या विज्ञानसभेत दाखवलेला हा वीस कोपऱ्यांचा खेळ. ‘अशी वाट पहिल्यांदा शोधली’ असं लिहू नका, इंग्रज गणितज्ञ थॉमस कर्कमन त्याआधीच अशा वाटांचा विचार करत होता. 18 वर 1859: खेळ 25 पौंडांना विकला, पण तो चालला नाही. 19 वर मृत्यू, 2 सप्टेंबर 1865. 20 वर 1866, मुलाने संपादित केलेला शेवटचा ग्रंथ.

कंदील मुलांच्या छातीच्या उंचीवर टांगा आणि चिठ्ठ्यांचे क्रमांक मागच्या बाजूला लिहा. खेळाच्या एका आवृत्तीत कोपऱ्यांना ठिकाणांची नावं होती, दिल्ली आणि काश्मीरसुद्धा. पहिले पाच कोपरे एकाने सांगायचे, उरलेले पंधरा दुसऱ्याने शोधायचे, आणि विसावा पहिल्याच्या शेजारीच यायला हवा. मुलांना तसंच खेळवा, तेवढा वेळ माळ बंद ठेवून.