जुना जपानी क्रोनोग्राफ घेताना: काच घासलेली चालेल, डायल रंगवलेली नको

लग्नात, ऑफिसात कोणी तुमच्या मनगटाकडे वळून बघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सिको या जपानी कंपनीचा पन्नास वर्षं जुना क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, लांबून साधं स्टीलचं घड्याळच वाटतो. सहा वर्षांपासून मी त्यातलं ६१३९ नावाचं मॉडेल घालून राहिलो आणि एवढ्या दिवसांत नागपुरात फक्त दोघांनी ते ओळखलं. त्यातले एक इतवारीतले घड्याळवाले काका, त्यांनी ते आधी कानाला लावलं, मग वरचं बटण दाबलं, काटा सरकताना बघत राहिले आणि म्हणाले, "मशीन चांगली आहे बाप्पा, कोणाच्या हाती देऊ नको." मला हेच सुख आवडतं, तुम्हालाही तेच पाहिजे असेल तर पुढे वाचा.

आधी काय घ्यायचं ते ठरवा. ६१३९ मध्ये खाली ६ वर एकच छोटी डायल असते, ३० मिनिटं मोजणारी, सोबत वार आणि तारीख. ६१३८ मध्ये दोन छोट्या डायल, त्यात १२ तासांपर्यंत मोजता येतं, पण बाहेरची केस, म्हणजे घड्याळाचा डबा, मोठी आणि किंमतही जास्त. पहिल्यांदा घेत असाल तर माझं मत ६१३९. १९६९ मध्ये ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारा, क्रोनोग्राफ आधी कोण आणतो याची चढाओढ होती, जानेवारीत झेनिथ या स्विस कंपनीने आपलं मशीन दाखवलं, मार्चमध्ये ह्यूअर आणि ब्राइटलिंगच्या गटाने, आणि मे महिन्यात सिकोचं ६१३९ जपानमध्ये विकायला आलं, फार गाजावाजा न करता. पुढे १९७३ मध्ये विल्यम पोग नावाचा अंतराळवीर पिवळ्या डायलचं ६१३९ स्वतःच स्कायलॅब या अंतराळस्थानकावर घेऊन गेला, नासाने दिलेलं घड्याळ वेगळं होतं, आणि ८४ दिवस हे ६१३९ तिथे चाललं. म्हणून त्या मॉडेलला आजही पोग म्हणतात.

आता आतली गोष्ट, मला सगळ्यात जास्त आवडणारी. बऱ्याच जुन्या क्रोनोग्राफमध्ये बटण दाबलं की एक चाक बाजूने येऊन दुसऱ्या चाकाच्या दातात अडकतं, त्यामुळे काटा सुरू होताना कधी कधी झटका घेतो. ६१३९ मध्ये व्हर्टिकल क्लच आहे, म्हणजे गाडीच्या क्लचप्लेटसारखं एक चकती दुसरीवर वरून बसते, घर्षणाने फिरवते, काटा उडी न मारता गुळगुळीत निघतो. बटणाचा हुकूम पुढे पोहोचवणारं कॉलम व्हील म्हणजे छोट्या खांबांचं चाक, त्यामुळे बटण दाबताना बोटाला एक स्वच्छ टिक लागते. ती टिक एकदा लागली ना, की दिवसातून चार वेळा उगाच दाबावंसं वाटतं.

माझं पहिलं घड्याळ मात्र फसलं. एका विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलं, डायल एकदम नवीन, निळीशार, काटेही झळझळीत, मी तर खूश. काकांनी लुपमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, बघितलं आणि मलाही बघायला लावलं, तेव्हा दिसलं की अक्षरं जाड आणि कडेला फुटलेली, छोट्या डायलच्या रेषा एकसारख्या नाहीत, आणि काट्यांवरचा रेडियम, म्हणजे अंधारात चमकणारा लेप, खोलीतला दिवा बंद केल्यावर चांगला उजळायचा. पन्नास वर्षांचा मूळ रेडियम असा उजळत नाही. जुनी डायल पुन्हा रंगवून विकायचा धंदा आपल्याकडे इतका चालतो की बाहेरचे शौकीन अशा घड्याळांना बॉम्बे स्पेशल म्हणतात. म्हणून सांगतो, काच बदलता येते, पट्टा बदलता येतो, पण रंगवलेल्या डायलवरचा मूळ रंग परत येत नाही. डाग पडलेली, उन्हाने फिकी झालेली मूळ डायल शंभर वेळा घ्या.

समोरासमोर घेत असाल तर घाई करू नका, चहा मागवा. वरचं बटण दाबून क्रोनोग्राफ सुरू करा आणि चहा होईपर्यंत चालू ठेवा, छोट्या डायलमधला काटा दर मिनिटाला एक घर पुढे गेला पाहिजे, मधला लांब सेकंदकाटा मध्येच अडकायला नको. मग थांबवा, आणि थांबवल्यावरच खालचं बटण दाबा, चालू असताना कधीच नाही. दोन्ही काटे बरोबर शून्यावर आले पाहिजेत, एक-दोन सेकंद इकडे तिकडे राहिले तर काटा नीट बसलेला नाही किंवा आत झीज आहे, तेवढी किंमत कमी करून मागा. पोगसारख्या मॉडेलमध्ये चावी फिरवली की आतली रिंग फिरते, तीही बघा. चावी अर्धी दाबली की तारीख बदलते, पूर्ण दाबली की वार. रात्री नऊनंतर पहाटेपर्यंत मात्र हे करू नका, तेव्हा आतली चाकं आधीच तारीख बदलायच्या कामाला लागलेली असतात. आणि ६१३९ ला चावी भरता येत नाही, हलवूनच सुरू करायचं, त्यामुळे चावी भरून चालत नाही म्हणून बिघडलंय असं समजू नका.

मागच्या झाकणावरचा सिरीयल नंबर वाचायला सोपा. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा, ऑक्टोबर नोव्हेंबर डिसेंबरला ओ, एन, डी. ३८ ने सुरू झालं तर ऑगस्ट १९७३. डायलवर वॉटर प्रूफ लिहिलंय की वॉटर रेझिस्ट तेही बघा, प्रूफवाल्या आधीच्या. झाकण नंतरचं आणि डायल आधीची असेल तर दोन घड्याळांचं एक केलेलं असू शकतं.

घेतल्यावर पहिलं काम सर्व्हिसिंग, चालत असलं तरी. आतलं तेल वाळलेलं असतं आणि कोरडं मशीन चालवलं की धातू धातूला खातो. क्रोनोग्राफ आधी उघडलाय का हे दुकानात स्पष्ट विचारा, साध्या घड्याळाचा हात इथे पुरत नाही. खर्च कधी कधी घड्याळाच्या निम्म्या किमतीएवढा येतो, तो आधीच बाजूला ठेवा. डायलवर ७० मीटर लिहिलेलं असलं तरी आज त्यावर विश्वास नको, हात धुतानाही जपा. आणि आपल्याकडचा मे महिना, ४५ च्या वर पारा, चामड्याचा पट्टा घामाने पंधरा दिवसांत वास मारतो, तेव्हा नायलॉनचा लावा, रोज रात्री झाकण कोरड्या कापडाने पुसा.

मग ते वापरा, कपाटात ठेवू नका. मी कुकरची वेळ लावतो, फुटाळा तलावावर चालताना फेरी मोजतो. मागच्या दिवाळीत समृद्धीवरून शिर्डीला जात होतो, जावई गाडी चालवत होते, मी मागे भाच्यासोबत बसलेलो. त्याला काठावरचं टॅकीमीटर दाखवलं, किलोमीटरच्या एका दगडाशी बटण दाब, पुढच्या दगडाशी थांबव, काटा जिथे थांबेल तिथला आकडा म्हणजे वेग. त्याने दाबलं, पुढचा दगड येईपर्यंत श्वास रोखून बसला, थांबवलं, काटा ३० सेकंदावर, समोर १२०. त्याने पुढे वाकून स्पीडोमीटर बघितला, परत घड्याळ बघितलं, आणि म्हणाला, "मामा, अजून एकदा लावू?"