फ्लेक्स छापायला येण्याआधी या चुका टाळा

माझं कराडमध्ये डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लोकांनी जास्तीत जास्त छापावं यातच माझं पोट. तरी काउंटरवर आलेल्या निम्म्या लोकांना मी आधी थांबवतो. कारण सहा महिन्यांनी तोच माणूस येऊन "तुझ्या फ्लेक्सला काही गुण नाही" म्हणतो आणि चहा मीच पाजायचा.

"फ्लेक्स लावला, एक फोन आला नाही"

वर गणपती. दोन्ही बाजूंना आजोबा आणि वडील. मध्ये सोळा पदार्थांची यादी, खाली शुभेच्छुक मित्रपरिवार आणि उरलेल्या कोपऱ्यात मुंगीएवढा मोबाइल नंबर. असा फ्लेक्स वाचायचा कधी? 40 किलोमीटरच्या वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला 11 मीटर पुढे सरकते. त्यात कोल्हापूर नाक्यावर माणसाचं निम्मं लक्ष खड्ड्यात असतं. तीन सेकंद मिळाले तरी डोक्यावरून पाणी. तेवढ्यात काय विकता, कुठे विकता आणि नंबर, एवढंच वाचून होतं.

डिझाइन माझ्या स्क्रीनवर नाक लावून ओके करू नका. साध्या कागदावर प्रिंट काढा, भिंतीला चिकटवा आणि दहा पावलं मागे जा. नंबर दिसला नाही तर नंबर मोठा करा, आजोबांना लहान करा. (आजोबा रागवत नाहीत. रागवतात ते फोटो न लागलेले काका.)

चौकात लावणार असाल तर आधी नगरपालिकेची परवानगी काढा. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध 1995 पासून कायदा आहे, फ्लेक्स तर उतरवतातच, वर गुन्हाही होऊ शकतो. दुकानाची पाटी नवी करत असाल तर राज्याच्या दुकानांच्या कायद्यात 2022 ला झालेल्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानालाही नाव देवनागरीत लिहावं लागतं, आणि ते अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. इंग्रजी पाटी दोनदा करून घेतलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत.

"पाच हजार हँडबिलं वाटली, कुणी फिरकलं नाही"

पाच हजार वाटली नव्हती, छापली होती. ऑफसेट छपाईला प्लेटचा, म्हणजे छापायच्या साच्याचा, खर्च एकदाच येतो, म्हणून जास्त छापली की एक नग स्वस्त पडतो आणि माणूस मोहात पडतो. हजारभर पेपरातून जातात, उरलेले गठ्ठे माळ्यावर. मग भाव बदलतो, नंबर बदलतो. आधी कुठल्या गल्लीत, कोण, कुठल्या दिवशी वाटणार ते ठरवा आणि तेवढीच छापा.

"नकाशावर आमचं दुकान मागच्या गल्लीत दिसतं"

गूगलवरची दुकानाची नोंद फुकट असते. ती करून देतो म्हणून फोनवर पैसे मागणाऱ्याला गूगलचा माणूस समजू नका. पिन स्वतः दुकानाच्या दारात उभं राहून ठेवा. सुट्टीचा वार टाका. बंद दाराला हात लावून परत गेलेलं गिऱ्हाईक सांगायला येत नाही.

"सूट दिली, गर्दी झाली, हातात काही उरलं नाही"

100 रुपयांचं पाकीट, त्यात 25 सुटतात. 30 पाकिटांचे 750. आता 10 रुपये सूट द्या. सुटणार 15, म्हणजे त्याच 750 साठी 50 पाकिटं खपवायला हवीत. 20 पाकिटांची जादा मेहनत, आणि सूट काढली की लोक "महाग झालं" म्हणणार. सूट हा लहान धंद्याचा सगळ्यात महागडा फ्लेक्स आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

"व्हॉट्सॲपवर सगळ्यांना टाकलं, उत्तरच नाही"

कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एक वहिनी दहा बाय सहाचा फ्लेक्स सांगायला आल्या, त्या एप्रिल अर्धा सरल्यावर. तोवर लोकांनी मिरच्या घेऊन वाळत घातल्या होत्या आणि कांडपावर रांगा होत्या. वर्षाचा मसाला घरोघरी मार्चमध्येच ठरतो, त्याच्या आधी दिसायला हवं. फराळवाल्यांचंही तेच, वसुबारसेला फ्लेक्स लावून काय उपयोग?

मी विचारलं, "वहिनी, मागच्या वर्षी किती जणांनी नेला?"

"असतील की शंभरेक."

"नंबर आहेत?"

"उधारीच्या वहीत आहेत. रोख देणाऱ्यांचे कशाला लिहू, भाऊ?"

वहीत 62 नंबर निघाले. म्हणजे रोख पैसे मोजून जाणारं, सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक तेच हरवलेलं. त्या 62 जणांना त्यांनी ब्रॉडकास्ट लिस्टवरून निरोप पाठवला. संध्याकाळपर्यंत 17 जणांपुढे दोन टिक, बाकी सगळीकडे एकच. वहिनींना वाटलं, उधारीची आठवण होईल म्हणून लोक टाळतायत. तसं नव्हतं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो निरोप पोचतो. तुमच्याकडे त्याचा नंबर असून भागत नाही.

उरलेल्यांना मग एकेकाला नावानिशी लिहिलं, दिवसाला थोडं थोडं. एकाच मजकुराचा धडाका लावला की लोक ब्लॉक करतात. आणि तेव्हापासून पाकीट हातात देताना वहिनी सांगतात, "तुमच्या फोनवरून मला 'मसाला' एवढं लिहून पाठवा, नंबर पण सेव्ह करा." त्याही समोर उभं राहूनच सेव्ह करतात: ओगलेवाडी, मध्यम तिखट, 2 किलो. पुढच्या वर्षीचा अर्धा सौदा इथेच होतो.

पाकिटावर त्यांचा मोठा रंगीत स्टिकर होता, अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर वगैरे रीतसर. त्यावर मी खूश होतो, कारण छापला मीच होता. घरी बायकोने पाकीट फोडलं, मसाला बरणीत दाबून भरला, वर हिंगाचा खडा ठेवला आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. वहिनींचा नंबर त्याच्याबरोबर गेला. बरणी पुढे वर्षभर रोज उघडली जाणार आणि तिच्यावर नाव कुणाचंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बरणीच्या झाकणाच्या मापाचा छोटा गोल स्टिकर करून दिला. नाव, नंबर, कांडल्याची तारीख. पाकिटाबरोबर सुटा द्यायचा.

पुढच्या फेब्रुवारीत वहिनी आल्या तेव्हा फ्लेक्सचा विषयही निघाला नाही. झाकणाचे 500 स्टिकर हवे होते. मागचे तेलकट हातांनी पुसट झाले, या वेळी लॅमिनेशन करून द्या म्हणाल्या, आणि त्याचे पैसे वेगळे लावू नका.