कोल्हापूरहून महाबळेश्वरला जाताना या चुका टाळा

कोल्हापूरकरांच्या महाबळेश्वर सहलीतील सर्वांत मोठी चूक घरातून निघण्याआधीच झालेली असते. धबधबे आणि पॉइंट एकाच फेरीत मनसोक्त पाहता येतील, असे आपण गृहीत धरतो. येथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. त्या काळात वेण्णा नदीवरचा लिंगमळा धबधबा भरभरून कोसळत असतो, पण आर्थर सीटवर समोर पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. हिवाळ्यात दऱ्या स्वच्छ दिसू लागतात, तेव्हा धबधब्याची धार बारीक होत गेलेली असते. दोन्ही हवे असल्यास सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस धरावेत आणि त्यातही शनिवार-रविवार टाळावा, कारण सुट्टीच्या दिवशी वेण्णा तलावाजवळ गाड्यांची जी रांग लागते तिच्यात अर्धी दुपार सहज जाते.

ऐन पावसाळ्यातच जाणे झाले आणि धुके हटेना, तर एका पॉइंटवरून दुसऱ्यावर गाडी पळवण्यात अर्थ नाही. अशा दिवशी सरळ क्षेत्र महाबळेश्वर गाठावे. तेथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. आपली पंचगंगा निराळ्या पाच प्रवाहांची असली, तरी ती नृसिंहवाडीला ज्या कृष्णेला मिळते ती कृष्णा येथून निघते. दत्तदर्शनाला वाडीला नेमाने जाणाऱ्या माणसाने हे ठिकाण दहा मिनिटांत उरकू नये.

धबधब्यापाशी होणाऱ्या चुका मात्र जिवावर बेतणाऱ्या असतात. महाबळेश्वरचा माथा जांभ्या दगडाचा आहे. तो पाणी धरून ठेवतो आणि पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ चढते. गुळगुळीत तळव्याची चप्पल घालून गेलेला माणूस सपाट वाटणाऱ्या पायवाटेवरूनही घसरतो, म्हणून खोल खाचांच्या तळव्याचे बूटच घालावेत. कठड्यापलीकडे फोटोसाठी उतरू नये, हे सांगूनही ऐकले जात नाही. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या बाजूला पडलेल्या पावसाने पाणी अचानक वाढू शकते. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाने वाहत येऊ लागली किंवा आवाज चढला, की सामान आवरत न बसता तत्काळ मागे फिरावे. अतिवृष्टीमुळे प्रवेश बंद केला असेल, तर आडवाटेने आत शिरण्याचा प्रयत्न करू नये.

या गावाला केवळ ‘पॉइंटांची यादी’ समजणे, ही वरवर निरुपद्रवी वाटणारी चूक. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि वस्तीला माल्कम पेठ असे नाव पडले. येथे तुरुंग उभारून चिनी आणि मलायी कैदी ठेवण्यात आले. बटाटा आणि विलायती भाज्यांच्या लागवडीशी या चिनी कैद्यांचे नाव जोडलेले आहे. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला, तरी कोयनेच्या खोऱ्याकडील ‘चायनामन्स फॉल’ या धबधब्याच्या नावात त्यांच्या मळ्यांची आठवण टिकून आहे. स्वेच्छेने आलेल्या साहेबांची नावे पॉइंटांना मिळाली, तर बेड्या घालून आणलेल्यांच्या वाट्याला एवढा एक धबधबा आला. वाटाड्या किंवा टॅक्सीवाला ते ठिकाण वगळत असेल, तर गाडी ठरवतानाच त्याचे नाव घालून घ्यावे.

रस्त्याबाबतची चूक खास आपल्याकडची आहे. पुण्याच्या लोकांचे ऐकून काही जण साताऱ्याच्या पुढे सुरूरपर्यंत जातात आणि वाईमार्गे पसरणी घाट चढतात. वाई-पाचगणी पाहायची नसल्यास हा उलटा वळसा आहे. आपल्याला साताऱ्याहून मेढा-केळघरचा रस्ता जवळचा पडतो. पावसाळ्यात मात्र दरडी कोसळतात, म्हणून निघण्यापूर्वी साताऱ्यात चौकशी करावी आणि घाट बंद असेल तरच वाईचा पर्याय धरावा. एस.टी.ने जाणाऱ्यांनी थेट गाडीची वाट पाहत ताटकळू नये. साताऱ्यापर्यंत जाऊन तेथे गाडी बदलावी.

स्ट्रॉबेरीचा खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. खोका घेताना वरची लालभडक फळे पाहून भुलू नये. तळाची फळे पांढुरकी किंवा दबलेली नाहीत ना, हे उलटवून पाहावे. खरेदी निघतानाच करावी, कारण डिकीच्या उकाड्यात ही फळे कोल्हापूरपर्यंत टिकत नाहीत.

परतीला दुपारी चारनंतर निघू नये. तरीही घाटात धुक्याने गाठलेच, तर हेडलाइट डिपरवर ठेवावा, कारण अपरचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. समोरचे काहीच दिसेनासे झाल्यास वळण सोडून रुंद जागी गाडी रस्त्याबाहेर घ्यावी आणि धुके विरळ होईपर्यंत थांबावे.